कालच्या फोटोशी जुळवून

१

त्या सकाळी दोर पुरला नाही.

गेन्झो म्हाताऱ्याने नेहमीप्रमाणे दोराचं एक टोक देवळामागच्या पाइनच्या बुंध्याला बांधलं, दुसरं मिनेकोच्या कमरेला, आणि मधला दोर हातात घेऊन तो दगडावर बसला. मिनेको कॅमेरा खांद्यावर टाकून पुढे गेली. तिने तिपाई उभी केली आणि काळं फडकं डोक्यावर ओढून घेतलं. आता बोटभर पुढे सरकलं की चित्र जुळणार, म्हणून ती सरकायला गेली, तर कमरेला हिसका बसला.

"आजोबा, सोडा की जरा!" ती फडक्याच्या आतूनच ओरडली.

"सोडू काय, माझी कातडी? दोर संपला."

"बारा वाव दोर संपला?"

"कमरेने खाल्ला असेल. सासूच्या हातचं तांदळाचं मोची मानवलंय तुला."

मिनेको हसली. सुरुवातीला मागे दोन वेटोळी तरी शिल्लक राहायची, पण पेंढ्याचा दोर दमट हवेत आखडतो, हे गावात पोरासोरांनाही ठाऊक. तिने पोट आत ओढलं, मान पुढे काढली आणि कसाबसा फोटो घेतला.

समोर निजिगामा वाफ सोडत पडलं होतं. निजिगामा म्हणजे इंद्रधनुष्याची कढई, आणि नाव ठेवणाऱ्याने त्यात पदरचं काही घातलं नव्हतं. मधोमध बघवणार नाही इतकं निळं पाणी, त्याभोवती मोरपंखी, मग हिरवं, पिवळं आणि काठाला जर्द नारिंगी. बाहेरून आलेले लोक ते रंग बघून 'आहा' म्हणत पुढे पुढे जातात, म्हणून आता पन्नास पावलांवर कुंपण आहे. नारिंगीच्या अलीकडची जमीन पांढरी आणि सपाट दिसते, पण ती दुधावरची साय आहे. खाली चिखल उकळत असतो. म्हणूनच इथे एकट्याने जायचं नाही, हा गावाचा नियम. एकाने चित्र बघायचं, दुसऱ्याने पाय बघायचे.

२

फोटो शोभेसाठी नव्हते. गावातल्या सगळ्या स्नानगृहांना पाणी याच झऱ्याचं, त्यात ओढ्याचं साधं पाणी मिसळून. हिरवा पट्टा रुंदावला की पाणी थंडावतंय, नारिंगी बाहेर सरकला की तापतंय, एवढं गेन्झोसारख्या झरा राखणाऱ्या माणसाला फोटोवरून कळे. त्याप्रमाणे तो लाकडी पन्हळींच्या फळ्या वरखाली करी. रोज सकाळी सातला फोटो, दुपारी तो सार्वजनिक स्नानगृहाच्या दाराशी टांगलेला. बायका टॉवेल खांद्यावर टाकून त्याच्यासमोर उभ्या राहत आणि मग आत जाऊन पाणी कडक आहे म्हणून कुरकुरत.

बारा वर्षं हे काम मिनेकोच्या नवऱ्याने, शूसाकूने केलं. पद्धत त्याचीच. कालच्या फोटोवर पातळ कागद ठेवून तीन खुणा पेन्सिलीने उतरवायच्या: डोंगराची खाच, पलीकडच्या काठावरची देवळाची लाल कमान आणि अलीकडचा फुटका खडक. तो कागद कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर चिकटवायचा. काचेवर जग उलटं दिसतं. ते उलटं जग पेन्सिलीच्या रेघांवर बरोब्बर बसलं की बटण दाबायचं. जमिनीत एक लोखंडी खुंटी होती, पण शूसाकू तिच्यावर भिस्त ठेवत नसे. तो म्हणायचा, बर्फ वितळताना खुंटी हलते, डोंगर हलत नाही. तेव्हा कालच्या फोटोशी जुळवून घ्यावं आणि गप्प राहावं.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात गेन्झो तापाने फणफणला होता. दाट धुकं होतं. शूसाकू एकटाच गेला आणि परत आला नाही. बूट नाही, टोपी नाही, कॅमेरासुद्धा नाही. निजिगामाच्या पाण्यात आम्ल इतकं, की पडलेलं काही सापडायचं नाहीच, असं पोलीस म्हणाले. पण त्याच आठवड्यात एका धर्मशाळेच्या स्वयंपाकघरातली इसोको नावाची बाई सामान बांधून सेंदाई शहराला निघून गेली. मग काय, गावाला आयतं कोलीत मिळालं. स्नानगृहात मिनेको आत शिरली की गप्पा थांबायच्या आणि पाण्याचे तांबे जास्तच जोराने वाजायचे.

सासूबाई, तोमे, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्या एक दिवस म्हणत, "माझं पोर त्या कढईत आहे," आणि दुसऱ्या दिवशी म्हणत, "मेला सेंदाईत मजा मारतोय." दोन्ही दिवशी त्या रडत. मिनेकोला रडूही येत नव्हतं. नवरा मेला की नवऱ्याने टाकलं, हे कळल्याशिवाय बाईने रडायचं तरी कशासाठी? झाडून सगळ्यांनी नको म्हटलं तरी तिने ते काम मागून घेतलं, ते एवढ्यासाठीच. रोज तिथे उभं राहिलं तर कधीतरी कळेल, असं तिला वाटलं होतं.

३

दुसऱ्या दिवशी गेन्झोने दोर दोन्ही हात पसरून वावेने मोजून आणला. बारा वाव, एक वीतही कमी नाही.

"आखडला-बिखडला काही नाही," तो म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "तू खुंटीपाशी उभी राहतेस ना, पोरी?"

"तिथेच की."

"खुंटी दाखव."

मिनेकोने पायाशी पाहिलं. खुंटी नव्हती. तिने मागे वळून पाहिलं. खुंटी मागे होती, बरीच मागे, सकाळच्या उन्हात तिच्या डोक्यावरचा गंज चकाकत होता. मिनेको पावलं मोजत तिच्यापाशी गेली. नऊ भरली.

पहिल्या दिवशी तिने तिपाई खुंटीला लावूनच ठेवली होती. तिला पक्कं आठवत होतं, कारण खुंटीला अडखळून तिचा मोजा फाटला होता.

"हलली असेल," ती म्हणाली. "बर्फाने."

गेन्झो पाइनपासून खुंटीपर्यंत दोर टाकत आला. नऊ वाव. त्याच्या बापाच्या वेळेपासून तेवढंच अंतर होतं. खुंटी जागची हलली नव्हती.

"रोज बोटभर सरकत गेली असशील," तो म्हणाला. "मी तुझ्या पायाखालची जमीन बांबूने ठोकून बघतो. जमीन घट्ट लागली की मला पुरे. तू कुठवर आलीस, ते बघायचं माझ्या टाळक्यात आलं नाही. म्हातारा झालो मी."

"मीही कुठे बघितलं, आजोबा! मी काचेत बघत होते."

दोघंही मग खाली मान घालून त्या नऊ पावलांकडे बघत राहिली. पांढऱ्या जमिनीवर मिनेकोच्या बुटांचे ठसे होते, आणि शेवटच्या ठशापासून नारिंगी पट्टा तीन हातांवर होता.

४

मिनेको भुताखेतांना मानणारी बाई नव्हती. घरच्या फोटो-स्टुडिओत बसून तिने आपल्या मनाची समजूत घातली. रोज कालच्याशी जुळवायचं, म्हणजे कालची बारीकशी चूक आज जमेला धरायची. अशा तीनशे चुका साठल्या की नऊ पावलं होतात, त्यात नवल ते काय! कापड एकावर एक ठेवून कापत गेलं की शेवटचा सदरा तोकडा होतोच. तिला जरा बरं वाटलं. तिने चहा केला.

मग तिने पेटीतून आपला वर्षापूर्वीचा पहिला फोटो काढला आणि आजचा त्याच्यावर ठेवून दोन्ही उजेडाच्या काचेवर, खालून दिवा असलेल्या, धरले.

चुका साठल्या असतील तर दोन फोटो जुळायला नकोत. नऊ पावलं पुढे गेल्यावर फुटका खडक चांगलाच मोठा दिसला पाहिजे. जवळ गेलं की वस्तू मोठी दिसते, लांब गेलं की लहान. फोटोग्राफीत याहून पक्कं काही नाही, आणि ते शेंबड्या पोरालाही कळतं.

खडक खडकावर बसला. कमान कमानीवर बसली. डोंगराची खाच केसाइतकीही चुकली नव्हती.

तिने फोटो उलटसुलट करून पाहिले, भिंग लावलं, पट्टी लावली. चहा निवून गेला. मिनेको पुढे गेली होती हे खरं, आणि पलीकडचं सगळं जितकं लांब होतं तितकंच लांब राहिलं होतं, हेही खरं. म्हणजे वर्षभर ती एकेक बोट पुढे सरकत होती आणि समोरचं सगळं तिच्यापुढे एकेक बोट मागे सरत होतं. हे मनात आलं तशी तिने उजेडाची काच विझवली आणि स्वयंपाकघरात सासूबाईंजवळ जाऊन बसली. त्या मुळे चिरत होत्या. मिनेकोनेही सुरी घेतली आणि गरज नसताना चार मुळे चिरून टाकले.

५

"उद्या खुंटीपासून फोटो काढते," तिने गेन्झोला सांगितलं. "रेघांचा कागद लावणार नाही. जे दिसेल ते."

"एक दिवस काम बंद ठेव की."

"बंद ठेवून काय होणार? मला बघायचंय."

"तुझ्या नवऱ्यालाही असंच सगळं बघायचं असायचं," गेन्झो म्हणाला. त्याला ते बोलायचं नव्हतं. तो दोराशी चाळा करत बसला.

सकाळ स्वच्छ होती. वारा डोंगराकडून असल्याने वाफ पलीकडे कलली होती आणि रंग धुऊन काढल्यासारखे दिसत होते. मिनेकोने तिपाई खुंटीला टेकवली. नुसत्या डोळ्यांनी सगळं रोजचंच होतं: पांढरी जमीन, खडक, नारिंगी, हिरवं, निळं, कमान. तिने फडकं ओढलं.

काचेवर कमान लहान दिसत होती. खडकही लहान दिसत होता, आणि त्याच्या अलीकडे पांढरी जमीन असायला हवी त्यापेक्षा जास्त होती, कुणीतरी मध्ये नऊ पावलांचा तुकडा जोडून दिल्यासारखी.

त्या तुकड्यात कुणीतरी उभं होतं.

काचेवर सगळं उलटं, म्हणून ते माणूस वरून खाली लोंबत असल्यासारखं दिसत होतं. पाठमोरं, निजिगामाकडे तोंड करून. त्याच्यासमोर तिपाई होती आणि डोक्यावर काळं फडकं. ते हलत नव्हतं.

मिनेकोने फडक्यातून डोकं बाहेर काढलं. समोर मोकळी जमीन होती. तिने पुन्हा डोकं आत घातलं.

"काय झालं?" मागून गेन्झोने विचारलं.

"काही नाही, आजोबा. दोर घट्ट धरा." तिचा आवाज तिलाच परका वाटला. तिने बटण दाबलं.

६

फोटो दुपारी धुऊन निघाला. स्नानगृहाच्या दाराशी त्या दिवशी काही टांगलं गेलं नाही.

माणूस फोटोत अंगठ्याएवढा होता, पण स्पष्ट. खाकी कोट, उजव्या कोपराला निळ्या कापडाचं ठिगळ. खाकी कापड मिळालं नाही म्हणून निळं लावलं होतं, आणि त्यावरून शूसाकूने तिला आठवडाभर चिडवलं होतं. टाके तिचेच होते. भिंगातून तिने ते ओळखले आणि मग तिला रडू आलं, वर्षभराचं, पोटातून. तो सेंदाईला गेला नव्हता. त्याने तिला टाकलं नव्हतं.

रडून झाल्यावर तिने पुन्हा भिंग धरलं आणि तेव्हा तिला त्याचा डावा हात दिसला. तो हात त्याने मागे, तिच्या दिशेने काढला होता. तळवा खाली, बोटं सैल सुटलेली.

स्टुडिओत कुटुंबाचे फोटो काढताना तो फडक्यातून असाच हात बाहेर काढी. तळवा खाली ठेवून बोटं आत ओढली की 'जरा पुढे या'. तीच बोटं बाहेर झटकली की 'मागे व्हा'. हलणारा हात बघून कुणीही ओळखेल. पण फोटोतला हात हलत नाही. ये म्हणतोय की जा म्हणतोय, हे कळायला मार्गच नव्हता.

तिने फोटो गेन्झोला दाखवला. त्याने तो बराच वेळ डोळ्यांजवळ धरला, मग पालथा करून तिच्या मांडीवर ठेवला.

"हे मी बघितलं नाही," तो म्हणाला. "तूही बघितलं नाहीस."

"आजोबा, तो आहे तिथे."

"असेल. म्हणून तर म्हणतो. तोमेच्या हाताला हा फोटो लागला तर मी दोर कुणाच्या कमरेला बांधू? ती विचारायला थांबणार नाही. पोराने हात केला आणि आई गेली नाही, असं कधी झालंय?"

"उद्या एकच काढते. हात कुठे जातो ते बघते आणि थांबते."

"मग परवा आणखी एक लागेल."

"एकच, आजोबा. मला कळायला नको?"

गेन्झोने मान डोलावली. त्या तापाच्या दिवसाचं ओझं त्याच्याही डोक्यावर होतं, म्हणून त्याच्याने तिला नाही म्हणवलं नाही.

७

सकाळी तो फोटो बरोबर घेऊन ती गेली. त्यावरून तिने रात्री कागद उतरवून घेतला होता: खाच, कमान, खडक, आणि हात. ओढायला हाताशी राहावा म्हणून गेन्झोने आज दोर जोडून लांब केला होता. तिपाई खुंटीला टेकवून ती फडक्यात शिरली. शूसाकू तिथेच होता. पण काल होता त्यापेक्षा किंचित लहान, रेघांच्या जरा आत.

जरासं पुढे झालं की तो बसेल रेघांवर, असं तिला वाटलं. यात तिला काहीच वावगं वाटलं नाही. वर्षभर तिने हेच केलं होतं. तिने तिपाई उचलून बोटभर पुढे ठेवली. अजून थोडं. हाताची बोटं आता रेघेला लागतच होती, आणि ती हलत होती. हलत होती, हे तिने डोळ्यांनी पाहिलं; कुठल्या बाजूला, एवढंच कळायचं राहिलं होतं. आणखी थोडं पुढे. फडक्याखाली ऊबदार होतं. बाहेर कुणीतरी ओरडत होतं, लांबून, विहिरीतून ओरडल्यासारखं.

कमरेला असा हिसका बसला की ती पाठीवर आदळली. उजवा पाय घोट्यापर्यंत पांढऱ्या जमिनीत गेला आणि तिने जी किंकाळी फोडली ती खाली गावात ऐकू गेली म्हणतात. गेन्झो दोर ओढत होता, शिव्या घालत होता, रडत होता.

"तेरा पावलं! तेरा पावलं गेलीस, सटवे! मी केव्हाचा बोंबलतोय!"

खुंटीच्या पलीकडे, नारिंगी पट्ट्यावर, तिपाई एका अंगाला कलली. कॅमेऱ्याचं काळं फडकं क्षणभर वर राहिलं. मग तेही गेलं, आणि आवाज असा काहीच झाला नाही.

८

घोटा भाजला होता, पण हाड शाबूत होतं. गेन्झोने तिला पाठीवर घेऊन घरी आणलं. वाटेत देवळापाशी तिने तो फोटो काडी लावून जाळला आणि त्याने पाठ फिरवली.

सासूबाईंनी मलम लावलं, पट्टी बांधली.  मग त्या समोर बसल्या.

"काल दाराशी फोटो नव्हता. आज तू अशी आलीस. खरं सांग मला. तो दिसला ना तुला तिथे?"

मिनेकोने त्यांच्याकडे पाहिलं. या बाईच्या अंगात अजून डोंगर चढण्याइतकं बळ होतं. रोज पहाटे त्या कुंपणापर्यंत जाऊन येत. 'हो' म्हटलं असतं तर गावाची तोंडं बंद झाली असती आणि मिनेकोला मान वर करून स्नानगृहात जाता आलं असतं. तिच्या जिभेवर आलं होतं ते.

"नाही, आई," ती म्हणाली. "तिथे कुणी नाही. मी तुमच्यापासून लपवलं. सेंदाईहून पत्र आलं होतं त्याचं. इसोकोबरोबर आहे तो. बरा आहे."

तोमेंनी पट्टीचं उरलेलं कापड गुंडाळून ठेवलं. मग त्यांनी पोराला शिव्या द्यायला सुरुवात केली. वर्षभर अडलेलं सगळं बाहेर आलं: गाढव, नालायक, बापाचं नाव बुडवणारा, सोन्यासारखी बायको टाकून जाणारा. मिनेको प्रत्येक शिवीला "हो, आई" म्हणत गेली. शिव्या देऊन दमल्यावर म्हातारीने भात वाढून घेतला आणि बऱ्याच दिवसांनी दोन वाडगे खाल्ला.

खाऊन झाल्यावर त्या उठल्या आणि पितरांच्या देव्हाऱ्यातून शूसाकूची चौकट उचलून आणली. तो फोटो मिनेकोनेच काढला होता, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. त्याच्यासमोर सासूबाई रोज भाताची मूद ठेवत.

"घे. कोठीत टाक नेऊन," त्या म्हणाल्या. "जित्या माणसापुढे भात ठेवू नये. दिवाही नको."

मिनेकोने चौकट घेतली. यापुढे त्याच्या नावाने उदबत्तीही लावता येणार नाही, हे तिला तेव्हा कळलं. लंगडत लंगडत ती लांबलचक पडवीच्या टोकाला कोठीपर्यंत गेली. आतल्या फळीवर, तांदळाच्या पिंपाशेजारी तिने ती नीट उभी केली. "माफ करा," ती हळूच म्हणाली.

मग ती वळली आणि भिंतीला धरत पडवीतून मागे आली. अर्ध्यावर आल्यावर तिला राहवलं नाही. तिने वळून पाहिलं. कोठीचं दार उघडं होतं. ती पंधरा-सोळा पावलं तरी मागे आली होती.

त्याचा चेहरा हातात धरला होता तेव्हा जेवढा होता, तेवढाच होता.

ती आणखी दोन पावलं मागे सरकली. तरी तेवढाच.

"ठेवलास का गं?" स्वयंपाकघरातून सासूबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात वर्षभरात पहिल्यांदाच जीव होता.

मिनेको डोळे मिटून, भिंत चाचपत कोठीपर्यंत गेली आणि दार ओढून कडी लावली.

"ठेवला, आई," ती म्हणाली.